आप्त कोणास म्हणावे? समाजमाध्यमांवरील खात्यांची परीक्षा

गतवर्षी ज्येष्ठ महिन्यात, पेरणीची लगबग सुरू असताना, कळंब तालुक्यातील एक जुने रुग्ण माझ्या चिकित्सालयात आले. वय ५८, व्यवसाय शेती, मधुमेह १४ वर्षांचा. उजव्या पायाची दोन बोटे सोलापूरच्या एका रुग्णालयात काढावी लागली होती आणि मागे राहिलेला व्रण भरून येण्यासाठी काही औषध द्यावे, अशी त्यांची विनंती होती. इन्सुलिन मध्येच कोणाला विचारून थांबविले, असे मी किंचित रागानेच विचारले. ते खाली पाहत राहिले. सोबत आलेल्या त्यांच्या मुलाने मोबाईल उघडून एक चित्रफीत माझ्यापुढे धरली. पांढऱ्या कुर्त्यातील, प्रसन्न मुद्रेचे एक गृहस्थ स्वच्छ मराठीत सांगत होते की, अमुक काढा २१ दिवस घेतला असता इन्सुलिनची गरजच उरत नाही.

“हे तुम्हीच धाडलं होतं ना, डॉक्टरसाहेब?” मुलगा म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. तो खरोखर विचारत होता.

ती चित्रफीत मी पाठविलेली नव्हती. परंतु त्याच खात्यावरील ऋतुचर्येविषयीची दुसरी एक चित्रफीत, जी शास्त्रदृष्ट्या निर्दोष होती, ती मी दोन वर्षांपूर्वी माझ्या रुग्णांच्या व्हॉट्सॲप गटावर कौतुकाने पाठविली होती. मुलाने ती पाहिली, आवडली म्हणून ते खाते फॉलो केले आणि पुढे त्या खात्यावर जे जे आले ते ते माझ्या संमतीचे आहे, असे त्या घराने धरून चालले. आपण एक चित्रफीत पाठविली, असे मी समजत होतो. त्या घरात मात्र मी एका माणसाची शिफारस करून मोकळा झालो होतो.

त्या रात्री प्रथमच मी माझ्या फोनमधील खाती मोजली. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब मिळून ४१२ खाती मी फॉलो करीत होतो. त्यातील १६७ वैद्यकाशी संबंधित होती. ती कधी व का निवडली, हे बहुतेकांच्या बाबतीत मला सांगता येईना. कोणी पदवीच्या वर्गातील मित्र म्हणून, कोणी संमेलनात भेटले म्हणून, कोणी आयुर्वेदाचा जयजयकार करतात म्हणून, तर कोणी केवळ समोर आले म्हणून. दुकानातून हिरडा घेताना जो वैद्य तो फोडून, पाण्यात टाकून पाहतो, त्याने १६७ माणसे अशी न पाहता घरात घेतली होती. प्रस्तुत लेख त्यानंतरच्या सहा महिन्यांतील छाननीचा आहे. यात काही व्यवसायबंधूंना न रुचणारे असेल. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपल्या शास्त्राला हा प्रश्न नवा नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाचार्य वैद्य होऊ इच्छिणाऱ्यास प्रथम शास्त्राचीच परीक्षा करावयास सांगतात, आणि त्याचे कारण देतात की लोकांमध्ये वैद्यांची अनेक शास्त्रे प्रचलित आहेत. ग्रंथ मुबलक झाले म्हणूनच निवड करावी लागली. त्या काळीही ही अडचण होती, हे वाचून मला काहीसा धीर आला. शास्त्र कसे असावे, तर अर्थगंभीर, आप्तजनांनी मानलेले, पुनरुक्ती नसलेले, ज्यात लक्षणे स्पष्ट केलेली आहेत व उदाहरणे दिलेली आहेत असे. आणि तीव्र, मध्यम व मंद अशा तिन्ही प्रकारच्या बुद्धीच्या शिष्यांना उपकारक. त्यानंतर आचार्याची परीक्षा येते. तेथील दोन विशेषणे मला या कामी सर्वाधिक उपयोगी पडली: पर्यवदातश्रुत आणि परिदृष्टकर्मा. ज्याचे अध्ययन निर्मळ आहे तो पहिला. ज्याने प्रत्यक्ष कर्म पाहिले-केले आहे तो दुसरा. समाजमाध्यमांवर एक असून दुसरे नसलेले पुष्कळ भेटतात, आणि दोन्ही नसलेले त्याहून अधिक.

सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायातील वैद्यांचे तीन प्रकार आपणा सर्वांना पाठ आहेत. त्यातील छद्मचर वैद्य औषधांच्या पिशव्या, पुस्तके आणि मुद्रा यांच्या बळावर वैद्य भासतो, तर सिद्धसाधित वैद्य यशस्वी व कीर्तिमान लोकांच्या नावाचा आधार घेऊन मिरवतो. आजची चित्रफीत पाहताना पार्श्वभूमीला मांडलेला खल, तांब्याचे भांडे, ग्रंथांची रांग आणि बाजूला एखाद्या नटाबरोबरचे छायाचित्र दिसले की मला हा अध्याय आठवतो. अर्थात माझ्याही चिकित्सालयात खल मांडलेला आहे आणि तो गेल्या चार वर्षांत कोणी हलविलेला नाही, हेही येथे नमूद करणे न्याय्य होईल.

पर्यवदातश्रुत कोण, हे ओळखण्यासाठी मी दुधी भोपळ्याचा उपयोग केला. सकाळी दुधीचा रस प्यावा, असे सांगणारी असंख्य खाती आहेत. २०१० साली दिल्लीत कडू दुधीच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास करून, रस कडू लागल्यास तो मुळीच पिऊ नये, असे सुचविले. आपल्या दृष्टीने यात नवीन काय होते? कल्पस्थानाचा तिसरा अध्याय इक्ष्वाकुकल्पाचा आहे, म्हणजेच कडू भोपळ्याचा, आणि तो वमनद्रव्य म्हणून सांगितलेला आहे. ज्याने कल्पस्थान वाचले आहे त्याच्या तोंडून दुधीच्या रसाबरोबर “आधी तुकडा चाखून पाहा” हे वाक्य आपोआप यावयास हवे. मी २३ खात्यांवरील दुधीविषयीचा मजकूर पाहिला. हे वाक्य चार ठिकाणी सापडले, आणि त्या चौघांपैकी एक गृहिणी होत्या.

परिदृष्टकर्मा ओळखण्यास मात्र अधिक वेळ लागतो. ज्याने रुग्ण पाहिले आहेत त्याच्या बोलण्यात अपयश येते. अमुक रुग्णास गुण आला नाही, अमुक ठिकाणी निदान चुकले, अमुक वेळी रुग्णास तातडीने जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागले, हे ज्या खात्यावर तीन वर्षांत एकदाही आलेले नाही, त्या खात्याचा धनी एकतर रुग्ण पाहत नसावा किंवा पाहिलेले सांगत नसावा. दोन्ही अवस्थांत मला त्याचा उपयोग नाही. या एका कसोटीवर माझी ६० हून अधिक खाती गेली.

परंतु खरी कसोटी गुळवेलीने लावली, आणि तीत मी स्वतःही उत्तीर्ण झालो नाही.

मार्च २०२० नंतरचे दिवस आपण विसरलेलो नाही. आपल्या जिल्ह्यात कडुनिंबावर चढलेली गुळवेल बांधाबांधावर आहे. त्या उन्हाळ्यात ती अशी ओरबाडली गेली की पुढे औषधापुरती कांडे शोधण्यास मला माणूस पाठवावा लागला. आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजीच आदेश काढून, कोविडवर आयुष औषधांचे दावे करणारी प्रसिद्धी व जाहिराती थांबविण्यास सांगितले होते. मी तो आदेश वाचला होता. तरीही त्याच महिन्यात काढ्याच्या पातेल्याचे छायाचित्र आणि “प्रतिबंधासाठी खात्रीशीर” अशी ओळ माझ्या खात्यावर होती. पुढे ती मी गुपचूप काढून टाकली.

२०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात, गुळवेल सेवन करणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृतास इजा झाल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. मंत्रालयाने त्यावर जुलै २०२१ मध्ये आक्षेप घेतला: वापरलेल्या वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, ती ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जातीही असू शकेल. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधून एकत्र केलेल्या ४३ रुग्णांचा अहवाल ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’मध्ये आला. त्यातील अनेक रुग्णांमध्ये आपल्याच यकृतावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचा विकार आधीपासून दडलेला असावा व गुळवेलीने तो उघड केला असावा, असा त्या लेखकांचा रोख होता.

आता या प्रसंगी माझ्या फोनमधील खाती कशी वागली, हे मी मागे जाऊन एकेक करून पाहिले. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्यांना वेळ असेल त्यांनी जरूर करावे. सर्वाधिक खात्यांनी संबंधित डॉक्टरांना औषध कंपन्यांचे हस्तक ठरविले. काहींनी आपल्या जुन्या चित्रफिती एका रात्रीत नाहीशा केल्या व त्याविषयी पुन्हा अवाक्षर काढले नाही. म्हणजे मी केले तेच. काहींना ही घटना घडल्याचेच माहीत नव्हते, ते सकाळच्या काढ्याचे प्रमाण सांगत राहिले. आणि अवघी सात खाती अशी निघाली की ज्यांनी प्रश्न प्रश्न म्हणून हाताळला. मात्रा किती होती? काळ किती? महिनोन्महिने, रोज, अंदाजाने मूठभर घेतलेले द्रव्य रसायन म्हणावे काय? खोडावर दाट गाठी असलेली वेल कोणी आणली होती काय? त्यांच्यापैकी पुण्यातील एका वैद्यांनी तर आपल्या दीर्घकाळ गुळवेल घेणाऱ्या रुग्णांना यकृताच्या तपासण्या करून घेण्यास सांगितले, आणि तसे जाहीरपणे लिहिले. त्यांच्या त्या मजकुराखाली आपल्याच व्यवसायबंधूंनी त्यांना जी विशेषणे बहाल केली ती या नियतकालिकात छापण्याजोगी नाहीत.

ही सात खाती मी ठेवली. एखादे खाते ठेवावे की नाही, याचा संशय आला की मी आजही तेथे ‘गुळवेल २०२१’ शोधतो.

याच न्यायाने, आपल्यावर टीका करणारी दोन खातीही मी नव्याने जोडली. ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकपत्रिकेत २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे, आणि २००८ साली इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशामध्ये ते आढळल्याचे प्रसिद्ध झाले होते. त्यावर भस्मीकरण, शोधन, वारितर-रेखापूर्ण परीक्षा यांच्या आधारे उत्तर देणे आपल्याला येते, द्यावेही. परंतु कोणत्या कारखान्याच्या कोणत्या घाण्यात ही परीक्षा झाली होती, हे विचारणारा मनुष्य बहुधा आपल्या गटात नसतो. तो बाहेरचाच असतो, आणि त्याची भाषा उर्मट असते. ऐकून घ्यावे लागते.

वैद्यकाची पदवी नसलेली काही खातीही मी मुद्दाम ठेवली आहेत. औषधी नावारूपाने ओळखण्यासाठी शेळ्या-मेंढ्या राखणारे व वनात राहणारे यांच्याकडे जावे, हे चरक-सुश्रुत दोघांनाही मान्य आहे. फक्त उपयोग ठरविणे त्यांच्यावर सोडू नये. येडशीच्या रामलिंग अभयारण्याच्या परिसरात हिंडणारा एक तरुण वनस्पतींची छायाचित्रे टाकतो. पान, फूल, फळ, खोडाची साल, सर्व वेगवेगळे. दिनांक व जागा लिहिलेली. औषधी उपयोगाविषयी तो एक शब्द लिहीत नाही. ‘ई-फ्लोरा ऑफ इंडिया’वर देशभरचे हौशी व जाणकार मिळून एखाद्या रोपट्याच्या ओळखीवर ज्या चिकाटीने वाद घालतात, तसा वाद आपल्या द्रव्यगुणाच्या वर्गात मी कधी ऐकला नाही. औषधविक्रेत्या मित्रांनी ही खाती पाहावीत, असे आग्रहाने सुचवितो. अशोकाच्या नावाखाली काय येते आणि रास्नेच्या नावाखाली काय येते, हे आपणास ठाऊक आहेच.

आता निळ्या खुणेविषयी. पुष्कळांचा समज असा की नावापुढे निळी खूण आहे म्हणजे कोणीतरी तपासून प्रमाणित केले आहे. पूर्वी या खुणेचा अर्थ निदान एवढा होता की ही प्रसिद्ध व्यक्ती तीच आहे. भारतात जून २०२३ पासून इन्स्टाग्राम व फेसबुकवर ही खूण मासिक शुल्क भरून घेता येते. ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, तेथेही ती विकतच मिळते. ओळखपत्र पाहिले जाते, पण पदवी कोणी पाहत नाही. अनुयायांच्या संख्येचेही तेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या नियमांत, पैसे देऊन ‘लाइक’ वा अनुयायी मिळवू नयेत, असे स्पष्ट कलम घातले होते. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले हा भाग निराळा. पण असे कलम लिहावे लागले, यावरून हा बाजार किती वाढला आहे ते कळते.

त्याऐवजी पाहावयाचे ते नोंदणी क्रमांक. ग्राहक व्यवहार विभागाने १० ऑगस्ट २०२३ रोजी आरोग्यविषयक प्रचार करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रमाणित वैद्यकीय व्यावसायिकाने माहिती देताना किंवा उत्पादनाची शिफारस करताना आपण तसे आहोत हे सांगावे, आणि जो वैद्य नाही पण तज्ज्ञ म्हणून मिरवतो त्याने आपले म्हणणे वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही हे सांगावे, असे त्यात आहे. आपल्या राज्यात नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची. क्रमांक पडताळता येतो. माझ्या यादीतील ज्या खात्यांवर ‘वैद्य’ किंवा ‘डॉक्टर’ लिहिलेले होते पण क्रमांक नव्हता, त्यांना मी नम्रपणे लिहून विचारले. ११ जणांनी आनंदाने कळविला. दोघांनी मला ब्लॉक केले. इतरांकडून उत्तर नाही. ज्या खात्यामुळे हा सर्व उपद्व्याप सुरू झाला, ते उत्तर न देणाऱ्यांपैकी आहे.

येथे औषधालयांच्या मालकांसाठी थोडे विषयांतर करतो, कारण त्यांची जोखीम आपल्यापेक्षा अधिक आहे आणि त्यांना ती क्वचितच कोणी सांगते. १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम सर्वांना ऐकून माहीत आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अर्धांगवात इत्यादी ५४ व्याधी-अवस्था आहेत व त्या बऱ्या करण्याची जाहिरात करता येत नाही. पण जाहिरातीची व्याख्या फार थोड्यांनी वाचलेली असते. परिपत्रक, लेबल, वेष्टन यांबरोबरच तोंडी केलेली घोषणा, तसेच प्रकाश, ध्वनी वा धूर उत्पन्न करून किंवा पोहोचवून केलेली घोषणाही तीत धरलेली आहे. १९५४ साली मोबाईल कोणाच्या स्वप्नात नव्हता, तरीही प्रकाश आणि ध्वनी म्हटल्यावर त्यात काय बाकी राहिले? शिवाय कलम निर्मात्यापुरते नाही. प्रसिद्धीत कोणताही भाग घेणाऱ्यास ते लागू होते. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही. नोंदणीकृत वैद्यासच विहित रीतीने गोपनीय पाठविलेली माहिती यातून वगळलेली आहे. तीच माहिती दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवली तर ती वगळलेली राहते काय? माझ्या मते राहत नाही. कायदेपंडितांनी याविषयी लिहावे.

नियम १७० ची कथा अलीकडची आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तो घातला गेला. आयुर्वेदीय औषधाच्या जाहिरातीस राज्याच्या परवाना अधिकाऱ्याचा पूर्वक्रमांक घेणे त्याने बंधनकारक केले. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळला, सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघाले. मधल्या काळात ‘आता सर्व मोकळे झाले’ असे सांगणारे संदेश मी स्वतः तीनदा वाचले. १९५४ चा अधिनियम मात्र एक दिवसही कोठे गेलेला नव्हता. मे २०२५ मध्ये मंत्रालयाने ‘आयुष सुरक्षा’ संकेतस्थळ सुरू केले असून दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व औषधांचे दुष्परिणाम यांची तक्रार तेथे नोंदविता येते.

तुळजापूर मार्गावरील एका औषधालयाचे मालक माझे स्नेही आहेत. नवरात्रात त्यांच्या दुकानी ग्राहक मोबाईलचा पडदा दाखवून औषध मागतात. “हे द्या” एवढेच म्हणतात, नावही वाचत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका गाजलेल्या चित्रफितीमुळे मागणी आली म्हणून त्यांनी सांधेदुखीच्या एका संचाच्या ४० पेट्या मागविल्या. महिन्याभरात चित्रफीत नाहीशी झाली व २९ पेट्या फळीवर राहिल्या. त्यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की त्या संचातील एका गोळीत कुचला होता. अनुसूची ई(१) मधील द्रव्य पोटात घेण्याच्या औषधात असल्यास, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, ही सूचना लेबलवर असावी लागते, आणि ती तेथे होतीही. पडद्यावरच्या गृहस्थांनी ती वाचून दाखविली नव्हती. आयुर्वेदीय औषध विकण्यास निराळा विक्रीपरवाना लागत नाही, ही आपली सोय आहे; त्यामुळे ती सूचना वाचून दाखविणारा शेवटचा मनुष्य दुकानदारच उरतो.

या गृहस्थांनी त्यानंतर गल्ल्याजवळ शंभर पानी वही ठेवली. कोणी पडदा दाखवून औषध मागितले की ते तीन रकाने भरतात: औषध, खाते, आणि वैद्यास दाखविले आहे काय. पाच महिन्यांतील नोंदी मला पाहावयास मिळाल्या. एकूण मागण्या २१४. खाती मात्र अवघी नऊ. उरलेल्या जगात काय चालले आहे कोण जाणे, पण तुळजापूर परिसरात माणसे कोणाचे ऐकून औषध घेतात, हे मला त्या वहीने जितके सांगितले तितके कोणत्याही चर्चासत्राने सांगितले नाही. त्या नऊपैकी तीन खाती मी त्यानंतर फॉलो करू लागलो आहे. ती अनुसरण्याजोगी नाहीत. माझे रुग्ण काय ऐकून येणार आहेत ते मला आदल्या दिवशी कळावे, एवढ्यासाठीच.

यात एक धोका आहे. या माध्यमांना आपण का पाहतो हे कळत नाही. पाहतो एवढेच कळते. चीड आली म्हणून अंगठा थांबला तरी तो थांबलेलाच मोजला जातो आणि तसलेच आणखी समोर येते. म्हणून ही तीन खाती मी रविवारी सकाळी, निराळ्या फोनवर पाहतो. माझ्या पत्नीस हे हास्यास्पद वाटते.

सर्वांत अवघड भाग मित्रांचा होता. उस्मानाबादच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या दिवसांतील एक सोबती आज मोठ्या शहरात असतो. त्याचे अनुयायी तीन लाखांच्या वर आहेत. विद्यार्थिदशेत त्याच्याइतका निदानपंचक जाणणारा आमच्या तुकडीत कोणी नव्हता. हल्ली तो केस व त्वचा यांवर बोलतो आणि प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी स्वतःच्या तेलाची बाटली दाखवितो. मी त्यास दूरध्वनी केला. तो रागावला नाही. म्हणाला, “मी नाही सांगितले तर दुसरा कोणीतरी सांगणार आहे, आणि त्याने बी.ए.एम.एस.चे तोंडही पाहिलेले नसेल. मी निदान खोटे तरी सांगत नाही. लोक येतात ते तेलासाठी, पण शंभरातले पाच तरी नीट नाडी दाखवायला येतात. तुझ्या धाराशिवात किती येतात?”

या प्रश्नास माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते, आजही नाही. मैदान सोडले तर ते छद्मचरांकडे जाईल, हे खरेच आहे. मी त्याचे खाते ठेवले आहे, पण त्यावरील काही रुग्णांच्या गटावर पाठवीत नाही. जो स्वतः सांगतो व स्वतःच विकतो, त्याचे सांगणे खरे असले तरी ते पुढे पाठविणे म्हणजे त्याच्या गल्ल्यावर बसणे होय, अशी माझी समजूत झाली आहे. त्यास ती मान्य नाही.

वाद घालावा काय, असे तरुण वैद्य विचारतात. विमानस्थानातच संधाय व विगृह्य अशा दोन्ही संभाषा सांगितल्या आहेत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे परिषदेची परीक्षा सांगितली आहे. परिषद सुहृद आहे, उदासीन आहे की प्रतिनिविष्ट, हे आधी पाहावे. प्रतिनिविष्ट परिषदेत तर कोणाशीच वाद करू नये. एखाद्या चित्रफितीखाली जमलेले पाचशे अनुयायी ही कोणती परिषद, हे मी दोन रात्री जागून शिकलो. त्याऐवजी त्या खात्याच्या धन्यास खासगी पत्र लिहावे. निम्मे उत्तर देत नाहीत, परंतु एकाने माझ्या पत्रानंतर आपल्या चित्रफितीत ‘गर्भिणीने घेऊ नये’ हे वाक्य घातले.

सध्या माझ्याकडे वैद्यकाची ३४ खाती उरली आहेत, वर सांगितलेली तीन धरून. मंत्रालय, केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषद, राज्याचे अन्न व औषध प्रशासन, सरकारी खुलासे देणारे ‘पीआयबी फॅक्ट चेक’ ही कंटाळवाणी पण आवश्यक खाती त्यांत आहेत. दर वर्षप्रतिपदेस यादी पुन्हा पाहावयाची असे ठरविले आहे, कारण माणसे बदलतात. ऋतुचर्या उत्तम सांगणाऱ्याने पुढे इन्सुलिन थांबविण्यास सांगितले होते. रुग्णांच्या गटावर मी आता कोणाची चित्रफीत पाठवीत नाही. सांगावयाचे ते स्वतः चार ओळींत लिहितो, खाली नाव व नोंदणी क्रमांक घालतो. वाचणारे निम्म्यावर आले आहेत.

ते कळंबचे शेतकरी इन्सुलिन पुन्हा नियमित घेतात. जात्यादि तैलाने व्रणधावन-पट्टी सुरू होती, सोलापूरच्या शल्यचिकित्सकांशी माझे दूरध्वनीवर बोलणे होत असे. कार्तिकात व्रण भरला. शेवटच्या भेटीत मुलाने विचारले, “मग आता कुणाचं बघावं?” मी त्यास दोन खाती काढून दिली. त्याने तेथेच एक चित्रफीत लावून पाहिली, अर्ध्यावर बंद केली आणि म्हणाला, “हे लई हळू बोलतात.” फोन खिशात ठेवण्यापूर्वी त्याने यादी सरकविली तेव्हा ते पांढऱ्या कुर्त्यातील गृहस्थ अजून तेथेच दिसले. माझी नजर पाहून तो संकोचला.

“राहू द्या, डॉक्टरसाहेब,” तो म्हणाला, “सोयाबीनवरच्या अळीचं ते चांगलं सांगतात.”